बंदुकीचा दस्ता आणि कायद्याची मोजपट्टी

अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून नव्वद वर्षांहून जुना असा एक कर शून्यावर आला. आखूड नळीच्या बंदुका, सायलेन्सर व तत्सम काही वस्तू तयार करताना किंवा हस्तांतरित करताना संघराज्य सरकारकडे दोनशे डॉलर भरावे लागत. १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याने बसविलेला हा कर, ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या अवाढव्य कर व खर्चविषयक कायद्याने मशीनगन व विध्वंसक साधने वगळता इतर वस्तूंपुरता काढून टाकला. नोंदणी, बोटांचे ठसे आणि सरकारची पूर्वसंमती हे सोपस्कार मात्र जसेच्या तसे राहिले. शस्त्रस्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांनी याचे विजय म्हणून स्वागत केले, तर शस्त्रनियंत्रणाच्या पुरस्कर्त्यांनी निषेध केला. दोन्ही पक्षांचा रोख प्रामुख्याने सायलेन्सरवर होता. परंतु या घटनेतून निघणारा प्रश्न याहून खोल आहे. बाजारात जी वस्तू विकली जाते आणि कायदा जी वस्तू मोजतो, त्या दोन वस्तू आज एकच राहिल्या आहेत काय, हा तो प्रश्न होय.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी वादाच्या भोवऱ्यात सापडलेल्या लष्करी धाटणीच्या रायफलींकडे जाण्याची गरज नाही. अमेरिकी घरातील सर्वांत साधे व सर्वांत सोज्वळ मानले गेलेले शस्त्र म्हणजे छऱ्यांची पंप ॲक्शन बंदूक. नळीखालची मूठ मागे ओढली की वापरलेले काडतूस बाहेर पडते आणि पुढे ढकलली की नवे काडतूस आत चढते, एवढीच तिची करामत. शेतकरी, शिकारी, पोलीस आणि रात्रीच्या चोराला भिणारा गृहस्थ या सर्वांची ती जुनी सोबतीण आहे. कित्येकांच्या आयुष्यातील पहिली बंदूक हीच असते. आणि ती घरी आणल्यावर नव्या मालकाचे पहिले काम बहुधा निशाणबाजी हे नसते. तिचा दस्ता बदलणे, मूठ बदलणे, तिच्यावर दिवा बसविणे, काडतुसांची पट्टी चढविणे हे असते. वरवर पाहता हा निरुपद्रवी छंद आहे. तथापि या छंदामागे एक मोठी बाजारपेठ उभी आहे आणि त्या बाजारपेठेने अमेरिकी शस्त्रकायद्याच्या पायालाच वळसा घातला आहे.

न झिजणारी वस्तू

जॉन ब्राउनिंग याने आराखडा केलेली विंचेस्टर कंपनीची १८९७ ची बंदूक ही या जातीची पहिली मोठी यशस्वी बंदूक. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिक ती खंदकांत घेऊन उतरले, तेव्हा जर्मनीने १९१८ साली तिच्या वापराविरुद्ध अधिकृत निषेध नोंदविला होता. १९५० साली रेमिंग्टन कंपनीने ‘८७०’ ही बंदूक बाजारात आणली, तर मॉसबर्ग कंपनीची ‘५००’ ही बंदूक १९६० च्या दशकाच्या प्रारंभी आली. या दोन्ही बंदुकांचे उत्पादन प्रत्येकी एक कोटीच्या पुढे गेले आहे. रेमिंग्टनने हा टप्पा २००९ साली गाठला, मॉसबर्गने त्यानंतर चारच वर्षांनी.

एक कोटी हा आकडा कारखानदाराच्या अभिमानाचा खरा, पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो त्याच्या संकटाचाही आकडा आहे. ‘८७०’चा मुख्य सांगाडा पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेला असतो. आजोबांनी घेतलेली बंदूक नातू विनातक्रार वापरू शकतो. टिकाऊ वस्तूंच्या उत्पादकापुढे हा पेच नेहमीच असतो. आज विकलेला प्रत्येक नग उद्याच्या नव्या नगाचा प्रतिस्पर्धी ठरतो. मोटार गंजते, दूरचित्रवाणी संच जुना होतो, पण तेल दिलेली बंदूक पन्नास वर्षांनीही बंदूकच राहते. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हास्थित संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार अमेरिकेतील नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लक्ष बंदुका होत्या, म्हणजे दर शंभर माणसांमागे १२० हून अधिक. इतक्या भरलेल्या बाजारात नवी बंदूक विकणे सोपे नाही.

रेमिंग्टनच्या वाट्याला आलेले दिवस या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे आहेत. १८१६ साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेली ही कंपनी २००७ मध्ये एका गुंतवणूक संस्थेने विकत घेतली. पुढे तिच्यावर कर्जाचा डोंगर झाला आणि २०१८ व २०२० अशी दोन वेळा तिने दिवाळखोरी जाहीर केली. सँडी हूक येथील शाळेतील २०१२ च्या हत्याकांडात बळी पडलेल्यांच्या कुटुंबीयांशी २०२२ साली ७ कोटी ३० लक्ष डॉलरची तडजोड झाली; ती रक्कम कंपनीच्या विमेदारांनी भरली. मार्च २०२४ मध्ये इलियन गावचा तिचा ऐतिहासिक कारखाना बंद पडला आणि सुमारे २७० कामगारांची रोजी गेली. उत्पादन जॉर्जिया राज्यात हलविण्यात आले. या पडझडीला कर्ज, व्यवस्थापन आणि गुणवत्तेबाबतच्या तक्रारी अशी अनेक कारणे होती. सारा दोष बाजार तुडुंब भरल्याच्या माथी मारणे योग्य होणार नाही. परंतु ज्या काळात संपूर्ण बंदूक बनविणारा डबघाईला येत होता, त्याच काळात तिचे जोडभाग बनविणारा भरभराटीला येत होता, हे वास्तव नजरेआड करून चालणार नाही.

हे कसे घडले? आधी विकल्या गेलेल्या कोट्यवधी बंदुका हे कारखानदाराचे ओझे होते. जोडभाग बनविणाऱ्याला मात्र ते आयतेच शेत मिळाले. एक कोटी बंदुकांना बसणारा दस्ता एकदा साच्यातून काढला की त्याला एक कोटी संभाव्य गिऱ्हाइके असतात. त्यात भर पडली प्रमाणीकरणाची. न्यू जर्सीतील पिकाटिनी शस्त्रागाराच्या नावाने ओळखली जाणारी खाचांची पट्टी १९९५ साली अमेरिकी लष्कराने प्रमाण म्हणून स्वीकारली. दुर्बीण असो की दिवा, कोणत्याही कंपनीची वस्तू कोणत्याही बंदुकीवर बसू लागली. लष्करासाठी ठरलेले माप नागरी बाजारपेठेचे सामायिक माप बनले. १९९९ साली कोलोरॅडोत सुरू झालेली मॅगपुल ही कंपनी प्रारंभी काडतूसपेटी ओढण्याचा रबरी फासा विकत असे. पुढे प्लॅस्टिकच्या काडतूसपेट्या, दस्ते व मुठी यांच्या बळावर ती एवढी मोठी झाली की, २०१३ साली कोलोरॅडो राज्याने पंधराहून अधिक काडतुसांच्या पेट्यांवर बंदी घालताच तिने आपला पसारा वायोमिंग व टेक्सास या राज्यांत नेला. बंदूक न बनविता केवळ बंदुकीचे अवयव बनविणारी कंपनी राज्य सरकारला पाठ दाखवू शकते, यावरून या व्यवसायाचे वजन ध्यानात यावे.

नवा ग्राहक

या बाजाराला गेल्या काही वर्षांत नवे गिऱ्हाईक लाभले. २०२२ साली एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ७५ लक्ष प्रौढ अमेरिकनांनी आयुष्यात प्रथमच बंदूक बाळगली. त्यांत निम्म्या स्त्रिया होत्या. कृष्णवर्णीय सुमारे वीस टक्के आणि लॅटिन वंशाचे तितकेच. महासाथीची भीती, रस्त्यावरील दंगली आणि राजकीय अस्थैर्य यांनी ग्रासलेला हा काळ होता. जुन्या बंदूकधारी कुटुंबात बंदुकीबरोबर बापाची शिकवणही वारशाने येई. या नव्या मालकांपैकी अनेकांना ती मिळणे शक्य नव्हते.

दस्ता बदलण्याची गरज अशा ग्राहकाला खरोखरच असू शकते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. कारखान्यातून येणाऱ्या बंदुकीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण चौदा इंच असते. हे माप सरासरी उंचीच्या पुरुषाला गृहीत धरून ठरलेले आहे. ठेंगण्या बांध्याच्या व्यक्तीला अशी बंदूक खांद्याला नीट टेकविता येत नाही. मग बारा बोअरचा धक्का खांद्याऐवजी दंडाला अथवा गालाला बसतो आणि नेम तर चुकतोच. शंभर डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या नव्या प्लॅस्टिकच्या दस्त्यात चकत्या घालून हे अंतर साडेबारापासून साडेचौदा इंचांपर्यंत कमीजास्त करता येते. मागे जाड रबरी गादी बसविली की धक्काही सौम्य होतो. अंधारात समोर चोर आहे की स्वतःचाच मुलगा, हे कळण्यासाठी नळीशेजारी दिवा असणे हेदेखील शहाणपणाचेच. अंगाला बेतून कपडे शिवण्यासारखा हा प्रकार असून त्यात निंद्य असे काही नाही.

पण बाजार गरजेपाशी थांबत नाही. दस्त्यानंतर पिस्तुली मूठ येते, मुठीनंतर खाचांची पट्टी, पट्टीवर लाल ठिपक्याची दुर्बीण, बाजूला सहा काडतुसांची जादा माळ, पुढे काडतूसनळीची लांबी वाढविणारा तुकडा. नामांकित कंपनीच्या दिव्यासह येणाऱ्या सरकत्या मुठीची किंमत तर स्वस्तातल्या आख्ख्या बंदुकीहून अधिक असते. बंदूक एकदाच घेतली जाते, सजावट मात्र कधीच पुरी होत नाही. आणि ज्या गृहस्थाने जिवाच्या भीतीपोटी बंदूक घेतली, त्याला प्रत्येक नवा भाग थोडी अधिक सुरक्षितता विकत घेतल्याचे समाधान देतो. भीती ही या व्यवसायाची खरी मागणी आहे, आणि ती कधीही पूर्णतः भागत नाही.

इंचांचे गणित

आता कायद्याची बाजू पाहू. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे तिचा मुख्य सांगाडा. चाप व काडतूस चढविण्याची यंत्रणा ज्यात बसलेली असते तो भाग, ज्याला तिकडे रिसीव्हर म्हणतात, तोच बंदूक. अनुक्रमांक त्याच्यावर आणि दुकानदाराने ग्राहकाची पूर्वपीठिका तपासायची तीही त्याचीच विक्री करताना. नळी, दस्ता, मूठ, दुर्बीण या वस्तू टपालाने थेट घरी येतात. संघराज्याचा कायदा त्या घेणाऱ्याचे नावही विचारीत नाही. ज्या काळात बंदूक कारखान्यातून पूर्ण होऊन येई आणि तशीच राही, त्या काळाला ही व्याख्या पुरेशी होती.

याच्या जोडीला १९३४ चा कायदा मोजपट्टी घेऊन उभा आहे. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनी हादरलेल्या काँग्रेसने कोटाखाली लपविता येणारी, नळी कापलेली बंदूक ही गुन्हेगाराची बंदूक मानली आणि मर्यादा घातली. छऱ्यांच्या बंदुकीची नळी अठरा इंचांहून कमी नको आणि एकूण लांबी सव्वीस इंचांहून कमी नको. त्याहून आखूड बंदूक हवी तर सरकारची संमती, नोंदणी आणि दोनशे डॉलरचा कर. नोंदणीविना ती बाळगल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास.

या दोन कायद्यांच्या फटीतून बाजार कसा शिरतो, याचे उत्तम उदाहरण २०१७ साली आले. मॉसबर्गने ‘५९० शॉकवेव्ह’ नावाची बंदूक विक्रीस काढली. तिची नळी चौदा इंचांची, म्हणजे मर्यादेहून चार इंच आखूड. पण तिला खांद्याचा दस्ता मुळातच दिलेला नाही. पक्ष्याच्या डोक्याच्या आकाराची मूठ तेवढी आहे. संघराज्याच्या व्याख्येप्रमाणे खांद्याला टेकवून झाडण्यासाठी बनविलेली असेल तरच ती ‘शॉटगन’. दस्ता नाही म्हणून ही शॉटगन नव्हे, आणि एकूण लांबी २६.३७ इंच भरते म्हणून लपविण्याजोगे शस्त्रही नव्हे. त्यामुळे ती साध्या तपासणीनंतर दुकानात विकता येते. रेमिंग्टननेही त्याच वर्षी याच धर्तीची बंदूक काढली.

आता या बंदुकीला कोणी खांद्याचा दस्ता बसविला तर काय होईल? वस्तुतः ती लांब होते, लपविण्यास अवघड होते, नेम धरण्यास अधिक भरवशाची होते. सामान्य बुद्धीने पाहता ती अधिक सुरक्षित होते. परंतु त्याच क्षणी ती कायद्याने ‘आखूड नळीची शॉटगन’ ठरते आणि पूर्वसंमतीविना हे काम करणारा मालक गंभीर गुन्ह्यास पात्र होतो. शंभर डॉलरचा दस्ता विकणाऱ्यावर कसलीच जबाबदारी नाही. तो बसविणाऱ्यावर दहा वर्षांच्या कैदेची टांगती तलवार. पेचकस ज्याच्या हाती, गुन्हा त्याच्या माथी, अशी ही व्यवस्था आहे.

हे केवळ पुस्तकी भय नव्हे. आयडाहो राज्यातील रँडी वीव्हर या गृहस्थावर नळी कापलेल्या दोन बंदुका सरकारी खबऱ्याला विकल्याचा आरोप होता. तो न्यायालयात हजर न झाल्याने ऑगस्ट १९९२ मध्ये रूबी रिज येथे त्याच्या घराला वेढा पडला. त्यात त्याची पत्नी, चौदा वर्षांचा मुलगा आणि एक संघराज्य मार्शल असे तिघे प्राणास मुकले. पुढल्या वर्षी पंचांनी बंदुकांच्या मूळ आरोपातून त्याला निर्दोष सोडले. त्या प्रसंगाने अमेरिकेच्या ग्रामीण भागात सरकारविषयी जो अविश्वास पेरला, त्याचे पीक आजही निघत आहे.

सुट्या भागांचा न्याय

संपूर्ण वस्तूच्या व्याख्येवर उभा असलेला कायदा सुट्या भागांच्या बाजाराशी झुंजू लागला की निर्णय किती डळमळीत होतात, हे गेल्या काही वर्षांतील न्यायालयीन इतिहासावरून दिसते. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे झालेल्या गोळीबारात, पुढे मरण पावलेल्यांसह, साठ जणांचा बळी गेला. मारेकऱ्याने रायफलींना ‘बंप स्टॉक’ म्हणजे बंदुकीच्या धक्क्याचाच उपयोग करून गोळ्यांचा वेग वाढविणारा दस्ता जोडला होता. ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीत या दस्त्यावर बंदी आली. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती अवैध ठरविली, कारण दस्ता जोडल्याने रायफल कायद्याच्या व्याख्येतली मशीनगन होत नाही. पिस्तुलाला जोडायच्या हाताच्या आधारपट्टीबाबत बायडेन प्रशासनाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेला नियम टेक्सासमधील संघराज्य न्यायालयाने जून २०२४ मध्ये रद्दबातल केला. याउलट घरी जुळवायच्या सुट्या भागांच्या संचाला बंदूक मानणारा २०२२ चा नियम मात्र सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी उचलून धरला. या तिन्ही वादांचे मूळ एकच: तुकडा कुठे संपतो आणि शस्त्र कुठे सुरू होते?

करकपातीने या गोंधळात नवी भर घातली आहे. १९३४ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९३७ साली वैध ठरविला तो काँग्रेसच्या कर बसविण्याच्या अधिकारावर. १९३९ च्या प्रसिद्ध मिलर खटल्यातही प्रश्न नळी कापलेल्या बंदुकीचाच होता आणि निकाल सरकारच्या बाजूने लागला. आता करच शून्य झाला, तर कराच्या वसुलीसाठी म्हणून असलेली नोंदणी कोणत्या आधारावर टिकायची, असा सवाल करणारे दावे २०२५ मध्ये दाखल झाले आहेत. त्यांचा निकाल काहीही लागो, मोजपट्टीच्या मागचा पाया हलला आहे, हे मान्य करावे लागेल.

कर कशावर?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक धडा आहे. १९३४ साली दोनशे डॉलर ही रक्कम बंदुकीच्या किमतीच्या कित्येक पट होती. आजच्या भावाने ती साडेचार हजार डॉलरांहून अधिक भरते. तो कर उत्पन्नासाठी नव्हता, वस्तू अप्राप्य करण्यासाठी होता. पण तो महागाईशी कधी जोडला गेला नाही. नव्वद वर्षांच्या भाववाढीने त्याची धार बोथट केली आणि अखेर तो चांगल्या दिव्याच्या किमतीखाली आला. काँग्रेसने २०२५ साली जे केले ते चलनवाढीने आधीच बरेचसे उरकले होते. आकड्यात गोठलेला कोणताही दंड वा कर कालांतराने स्वतःच स्वतःला माफ करीत असतो.

दुसरा कर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याशी जोडलेला. लांब नळीच्या बंदुका व काडतुसे यांवर अकरा टक्के आणि पिस्तुलांवर दहा टक्के उत्पादन कर बसतो, व त्यातून राज्यांना वन्यजीव संरक्षणासाठी निधी मिळतो. अमेरिकेतील वन्यजीवांच्या पुनरुज्जीवनात या निधीचा वाटा मोठा आहे. परंतु स्वतंत्रपणे विकलेल्या सुट्या भागांवर व उपकरणांवर हा कर नाही. म्हणजे शेतकऱ्याने घेतलेल्या साध्या बंदुकीवर कर आहे. तिच्यावर चढविलेल्या, तिच्याहून महागड्या सजावटीवर नाही. कॅलिफोर्निया राज्याने जुलै २०२४ पासून आपला वेगळा अकरा टक्के कर लावला. त्यात सांगाड्याचे अर्धवट घडविलेले भाग आले, पण दस्ता व दिवा त्याबाहेरच राहिले. खर्चाचा ओघ ज्या दिशेला वळला आहे, तिकडे कराची नजर अद्याप गेलेली नाही.

न विकले जाणारे उपकरण

या साऱ्या जोडभागांच्या यादीत एक वस्तू मात्र मागे पडते, ती म्हणजे कुलूप. संघराज्याच्या २००५ च्या कायद्यान्वये पिस्तूल विकताना कुलूप अथवा सुरक्षित साठवणुकीचे साधन देणे परवानाधारक दुकानदारावर बंधनकारक आहे. छऱ्यांच्या बंदुकीला हे बंधन लागू नाही. बरेच कारखानदार तारेचे कुलूप स्वतःहून खोक्यात घालतात, हे खरे; पण ते वापरले जाते की नाही, हे संघराज्याचा कायदा पाहत नाही. काही राज्यांनी याबाबत आपापले नियम केले आहेत, अनेकांनी नाहीत.

याच्याशी एक जुना नियम ताडून पाहावा. स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या शिकारीला जाताना बंदुकीत तीनहून अधिक काडतुसे मावता कामा नयेत, असा दंडक १९३५ पासून आहे. त्यासाठी काडतूसनळीत लाकडी अथवा प्लॅस्टिकची दांडी घालावी लागते आणि वनरक्षक पाणथळीवर येऊन ती तपासू शकतो. म्हणजे दस्ता, नळी, मूठ या भागांना कायदा हात घालूच शकत नाही, हा युक्तिवाद खोटा आहे. बदकांच्या रक्षणासाठी तो थेट बंदुकीच्या पोटात डोकावतो, आणि शिकारी समाज ते निमूटपणे मानतो. घरातल्या माणसांच्या रक्षणासाठी मात्र तो दारातच थांबतो.

हा थांबा किती महाग पडतो, हे आकडे सांगतात. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ मृत्यू झाले. त्यांपैकी सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. भीतीपोटी घेतलेली बंदूक ज्या चोरासाठी घेतली तो बहुधा येतच नाही. निराशेचा क्षण मात्र घरातल्याच कुणाला गाठतो, आणि त्या वेळी हाताशी भरलेली बंदूक आहे की कुलूपबंद, यावर एक जीव अवलंबून असतो. त्या क्षणाला नळी अठरा इंचांची आहे की चौदा, दस्ता लाकडी आहे की प्लॅस्टिकचा, याने काहीच फरक पडत नाही. नव्वद वर्षे कायदा ज्या मापाचा हिशेब ठेवीत आला, त्याचा या मृत्यूंशी संबंध फार थोडा आहे.

भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा या बाबतीत वेगळ्या वाटेने गेला. त्याच्या व्याख्येत शस्त्रांचे भाग हेही शस्त्रच आहेत, आवाज वा ज्वाळा दडविणारी उपकरणे बंदुकीतच गणली जातात आणि नळी आखूड करण्यासाठी परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील परवानाधारक बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. त्यामुळे बंदुकीच्या सजावटीचा बाजार इकडे फोफावला नाही. अर्थात यात आत्मसंतुष्ट होण्याजोगे काही नाही. उपरोक्त संस्थेच्याच अंदाजानुसार भारतातील नागरी हातांत सुमारे सात कोटी बंदुका होत्या आणि त्यांपैकी नोंदलेल्या एक कोटीहूनही कमी. व्याख्या कितीही व्यापक केली तरी शस्त्र नोंदीतच आले नाही तर ती कागदावर राहते. अमेरिकेत बंदूक दुकानात दिसते पण कायद्याच्या मापात मावत नाही. भारतात कायद्याच्या मापात मावते पण दिसत नाही.

अमेरिकेच्या राजकारणात बंदूक हा इतका भावनिक विषय झाला आहे की समग्र सुधारणेची अपेक्षा करणे व्यर्थ ठरेल. हेलर (२००८) व ब्रुएन (२०२२) या निकालांनंतर तर संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीचा आवाका वाढलाच आहे. परंतु काही गोष्टी दोन्ही पक्षांना अवघड जाऊ नयेत. मर्यादेबाहेर नेणाऱ्या दस्त्याच्या खोक्यावर तो कोणत्या बंदुकीला बसविल्यास गुन्हा होतो, हे ठळक छापण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकता येईल. आज ती भाबड्या ग्राहकावर आहे. पिस्तुलाबरोबर देणे सक्तीचे असलेले कुलूप लांब बंदुकीबरोबरही सक्तीचे करता येईल. आणि वन्यजीवांसाठी बंदुकीवर बसणारा कर तिच्या सजावटीवरही बसवून त्यातून नवख्या मालकांच्या प्रशिक्षणाची सोय करता येईल. यांपैकी कशानेही कुणाची बंदूक हिरावली जात नाही.

बाजाराने बंदुकीचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र किंमत लावली. कायदा मात्र १९३४ मधील कोटाखाली लपविलेली बंदूक डोळ्यांपुढे ठेवून इंच मोजत बसला. करातून मिळणारे दोनशे डॉलर गेले, याचे दुःख करण्याचे कारण नाही. ते कधीच निष्प्रभ झाले होते. त्यांच्या जागी काय आणावयाचे याचा विचार न करताच ते काढून टाकण्यात आले, हे मात्र चिंतेचे आहे. कारण पहिली बंदूक घरी आणणाऱ्या त्या लक्षावधी नवख्या कुटुंबांना दस्ता, दिवा व दुर्बीण विकायला बाजार चोवीस तास सज्ज आहे. कपाटाला कुलूप लावण्याची आठवण करून देणारे मात्र त्यांच्या दारात अद्याप कुणी आलेले नाही.